कोमात्सुनाच्या दिवसांत

नोव्हेंबर संपत आला की टोकियोत एक सकाळ अशी येते, की सायकलचा ब्रेक धरल्यावर बोटं चटकन मागे घ्यावीशी वाटतात. ऊन पडलेलं असतं, आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं असतं, पण ब्रेकची दांडी बर्फासारखी गार. आदल्या संध्याकाळपर्यंत असं काही नसतं. एका रात्रीत ऋतू लोखंडात उतरतो. आज सकाळी तसं झालं, आणि मनात आलं, कोमात्सुनाचे दिवस आले.

कोमात्सुना ही इथली पालेभाजी. दिसायला पालक आणि मोहरीच्या मधली कुठलीशी; लांब फिकट देठ, गोलसर गर्द पानं. मिळते बाराही महिने, पण थंडी पडल्यावर तिला गोडी येते असं इथले लोक सांगतात. टोकियोच्या पूर्वेचा एदोगावा हा भाग म्हणजे या भाजीचं माहेर. पहिलं वर्षभर मी तिथेच, फुनाबोरीला, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत होते. स्टेशनजवळ उंच टॉवर आहे, भोवती सगळ्या इमारतीच. पण सायकल थोडी उत्तरेला हाकली की अचानक एखादं शेत लागतं. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पार्किंग, आणि मध्ये दहा-बारा वाफे. पहिल्यांदा असं शेत पाहिलं तेव्हा मी एक पाय जमिनीवर टेकवून कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. ओल्या मातीचा आणि कापलेल्या देठांचा वास येत होता. तो वास मला इतका ओळखीचा होता की तो इथे आला कसा, याचाच मला क्षणभर राग आला.

राग का, हे तेव्हा कळलं नाही. आता थोडं थोडं कळतं.

माझी आई मेथीच्या जुड्या बांधते. कोथिंबिरीच्याही बांधते, पण मेथीच्या जास्त. शेत दुसऱ्याचं, भाजी दुसऱ्याची, जुडी तेवढी आईच्या हातची. बाजाराच्या दिवशी पहाटे बायका शेतात उकिडव्या बसून सरकत सरकत मेथी उपटतात, मुळांची माती मनगटावर आपटून झाडतात, मुळं एका रेषेत आणतात, सुतळीचा वेढा देतात आणि जुडी बाजूला ठेवून पुढे सरकतात. सुट्टीत मीही जायचे. वडील हंगामात साखर कारखान्यावर कामाला. घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नाही. आई तर शाळेतच गेलेली नाही. मी पुण्याला रसायनशास्त्र शिकायला गेले, तिथे संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकले, आणि शिष्यवृत्तीवर इथे आले. हे सगळं लिहायला दोन-तीन ओळी पुरतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

इथे आल्यावर मला सुलभाकाकू भेटल्या. हिगाशी-कसाईच्या एका दुकानात मी तूरडाळीचं पाकीट उलटून किंमत बघत होते, तेव्हा मागून आवाज आला, "मराठी का गं तू?" त्या आवाजाने मला रडूच आलं. काकू मूळच्या डोंबिवलीच्या. श्रीरंगकाका बँकेच्या टोकियो ऑफिसात. मुलगी अन्वी दहा वर्षांची, मराठी समजायची पण उत्तर जपानीत द्यायची. त्या दिवसापासून शनिवारचं जेवण त्यांच्याकडे ठरून गेलं. मी अन्वीची गणितं घ्यायचे, काकू वरण-भाताबरोबर लसणाची चटणी करायच्या, आणि निघताना डबा हातात ठेवायच्या. "लाजू नकोस हं. हे तुझंच घर समज." काका मला पाटलीणबाई म्हणायचे. गावाकडची, आडनाव जाधव, म्हणून पाटलीणबाई. "काय पाटलीणबाई, यंदा ऊस किती टन?" असं विचारून स्वतःच हसायचे. मीही हसायचे. चिडवणारं माणूस आपलं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वसतिगृहात एकच वर्ष राहता येतं. मार्चअखेर खोली सोडायची होती, आणि जपानात भाड्याने खोली घ्यायची तर कुणीतरी तुमच्यासाठी जामीन राहावं लागतं. भाडं थकलं, काही बिघडवलं, न सांगता निघून गेलात, तर जबाबदारी त्या माणसाची. जामीन राहणाऱ्या कंपन्याही असतात. पण मला विद्यापीठाजवळ जी खोली परवडत होती, तिच्या मालकीणबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांना कंपनी नको होती. जपानात नोकरी असलेला, ओळख सांगणारा माणूस हवा होता. माझ्या ओळखीत असं एकच घर होतं.

ऑक्टोबरात, एका शनिवारी, ताटं उचलताना मी विचारलं. आदल्या दिवसापासून वाक्यं जुळवत होते, तरी अडखळले.

काका डोळे मोठे करून म्हणाले, "जामीन? अटकबिटक झाली की काय पाटलीणबाई?"

"अहो, घाबरवू नका तिला," काकू म्हणाल्या. "करू की गं. त्यात काय एवढं? एवढी ती सायकलफेरी होऊन जाऊ दे, मग निवांत बसून सही करून टाकतील."

मी त्याच रात्री आईला फोन करून सांगितलं, की काकांनी हो म्हटलंय.

ती सायकलफेरी दर वर्षी याच दिवसांत निघते. फुनाबोरीतल्या रहिवाशांची समिती ती काढते. फुनाबोरीच्या एका बागेजवळ सगळे जमतात, रांगेने निघतात, वाटेत शेतांवर थांबत थांबत जिथे जे पिकतं ते चाखतात, आणि दुपारी परततात. भारतीय कुटुंबं वाढली म्हणून समितीने त्यांनाही बोलवायला सुरुवात केली होती. समितीचे मोरिता-सान निवृत्त गृहस्थ, पिवळं जाकीट आणि गळ्यात शिट्टी. मला जपानी येतं हे काकूंनीच त्यांना सांगितलं होतं. "आमची सारिका आहे ना दुभाषी! फाडफाड बोलते." त्यांच्या तोंडून 'आमची' ऐकताना मला बरं वाटलं होतं. अजूनही आठवलं की आधी बरंच वाटतं. मग बाकीचं आठवतं.

त्या सकाळचं बरंचसं सुंदर होतं, हे मला नाकारता येत नाही. कालव्याच्या कडेने जाणारी सायकलींची लांब रांग. पुढे बास्केट असलेल्या, आयांच्या, आजोबांच्या साध्या सायकली. काकूंची बॅटरीवाली, चढावर गुणगुणणारी. माझी एका सीनियरने मायदेशी जाताना देऊन टाकलेली, पायडल मारलं की कुरकुरणारी. कुणी घंटी वाजवत नव्हतं. इथे घंटी वाजवणं उद्धटपणाचं समजतात. गिंको वृक्ष पिवळेजर्द झाले होते. अन्वी माझ्या पुढे होती, दर चौकात मान वळवून माझ्याकडे पाहत होती.

पहिल्या शेतावर मुळा चाखला. जमिनीतून उपटलेला, तिथेच नळाखाली धुतलेला, चकत्या करून वर मिठाचे चार खडे. काकूंनी अन्वीच्या नाकाशी मूठभर माती धरली. "वास घे, वास घे! हे खरं आयुष्य." अन्वीने नाक मुरडलं. कुणीतरी मुळ्याची पानं डोक्याला लावून फोटो काढला. काका दोन वाफ्यांच्या मध्ये हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "रिटायर झाल्यावर हेच करायचं बघा. दोन एकर घ्यायचे आणि मातीत हात घालून बसायचं." सगळे हो हो म्हणाले. मीही म्हणाले. मातीत हात घातलेल्या बायकांच्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडतात आणि रात्री त्यात मेण वितळवून भरावं लागतं, हे त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं. फेरीला आलेल्या माणसांनी आनंदात असावं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी शेडखाली मोठ्या पातेल्यात मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप उकळत होतं, वर कोमात्सुना चिरून घातलेली. आमच्यातल्या निम्म्या लोकांना एकच चिंता, ती म्हणजे सुपाच्या पाण्यात मासा आहे की नाही. मी विचारलं. होता. काकूंनी वाटी हळूच परत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझी वाटी ओठाला लागली होती.

"अगं, मासा आहे ना त्यात?"

"मी खाते, काकू."

"इथे आल्यावर सुरू केलंस होय? मुलांचं होतंच तसं, एकटं राहून."

"नाही, घरीही खातो आम्ही."

"हो का," काकू म्हणाल्या. "कधी बोलली नाहीस."

विचारलंच नव्हतं कुणी. त्यांच्या घरी जे वाढलं जायचं ते मी आवडीने खायचे, आणि त्यापलीकडे बोलण्याची वेळ आली नव्हती. सूप गरम होतं. मी ते पूर्ण प्यायले.

तिसरं शेत कोमात्सुनाचं. शेतकरीण ओनो-सान, साठीच्या, डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे. पाहुण्यांनी स्वतः भाजी उपटायची आणि जुडी बांधून घरी न्यायची, अशी तिथली पद्धत. मी सगळ्यांना त्यांचं सांगणं मराठीत समजावलं. देठ तुटू नये म्हणून खाली, मानेशी धरा. ओढू नका, थोडं पिळा. मुळं एका पातळीवर आणा. लोक वाकले, कुणाची कंबर धरली, कुणाचे गुडघे वाजले, हशा झाला. मीही बसले. बसले म्हणजे नेहमीसारखी उकिडवी बसले, टाचा जमिनीला टेकवून, आणि हात आपोआप चालू लागले. मनगटावर मुळं आपटली, माती झडली. जुडी झाली, दुसरी झाली. पुढे सरकले. किती दिवसांनी हात काही न विचारता काम करत होते. मला फार छान वाटत होतं. घरी गेल्यासारखं म्हणणार होते, पण घरी मला हे काम कधी छान वाटलं नव्हतं.

डोक्यावर सावली पडली. ओनो-सान उभ्या होत्या.

"तुमच्या घरी शेती आहे का?" त्यांनी विचारलं.

"शेती आमची नाही," मी जपानीत म्हणाले. "आई दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जाते. अशाच एका भाजीच्या जुड्या बांधते."

"अस्सं! मग तुमच्या आईशी शर्यत लावली तर मी हरेन," म्हणत त्या मोठ्याने हसल्या आणि माझी जुडी उचलून मोरिता-सानना दाखवायला घेऊन गेल्या.

काकू दोन वाफे सोडून उभ्या होत्या. "काय म्हणाल्या गं त्या? आम्हालाही सांग की. एवढं हसताय कशाला दोघी?"

सकाळपासून मी प्रत्येक वाक्य भाषांतर करून देत होते. मुळ्याचं, मिठाचं, माशाचं. काही गाळलं नव्हतं, काही घातलं नव्हतं. तसंच हेही सांगितलं. ओनो-साननी काय विचारलं, मी काय म्हणाले, त्या का हसल्या.

"म्हणजे स्वतःची जमीन नाही तुमची?"

"नाही."

"आणि आम्ही आपलं पाटलीणबाई, पाटलीणबाई..." काका हसले. हसू अर्ध्यावर राहिलं.

"मग घर कुठे गं? गावातच?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"गावाबाहेर. ओढ्यापलीकडे वस्ती आहे आमची."

"अच्छा," काकू म्हणाल्या.

जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो उच्चारावा लागत नाही. जमीन नाही, मासे-मटण चालतं, घर ओढ्यापलीकडे. आपल्याकडच्या माणसाला एवढ्यावर पूर्ण पत्ता कळतो. मोरिता-साननी शिट्टी वाजवली, फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं. त्या फोटोत मी आहे. जुडी छातीशी धरून हसते आहे. पुढे काय होणार याची मला काहीच कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी काही झालंही नाही.

दुपारी नदीच्या बांधावर सगळे जेवायला बसले. काकूंनी थालीपीठं आणली होती. मी नकळत बघत होते, डबा माझ्यापर्यंत येतो का. आपण असं बघतो आहोत याची मला लाज वाटली. डबा आला. काकूंनी स्वतः वाढलं, इतरांना एक-एक आणि मला दोन.

"खा गं. तुम्ही लोक किती कष्टातून वर येता! मला खरंच फार कौतुक वाटतं तुमचं."

त्याआधी मी 'तू' होते. कधी 'आमची सारिका' होते. थालीपीठ खमंग होतं, कडेला कुरकुरीत. मी दोन्ही खाल्ली.

पुढच्या शनिवारी काकूंचा मेसेज आला, अन्वीची परीक्षा आहे, या वेळी राहू दे. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे होते. मग डिसेंबरात काकू स्वतः वसतिगृहाच्या दारापर्यंत आल्या, डबा घेऊन. तिळाच्या वड्या होत्या. वर यायला वेळ नव्हता त्यांना. काकांनी मात्र लांबलचक मेसेज लिहिला, सगळा 'तुम्ही' घालून. बँकेच्या नियमांत असं वैयक्तिक जामीन राहणं बसत नाही, त्यांनी मुद्दाम चौकशी केली, त्यांना फार वाईट वाटतं, माझ्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. पाटलीणबाई कुठेच नव्हती. ते चिडवणं मला कधी खटकलं नव्हतं, पण गेल्यावर त्याची जागा दुखायला लागली. मी उत्तर पाठवलं, "काही हरकत नाही काका, तुम्ही प्रयत्न केलात हेच खूप."

नियम असेलही. मी त्या हिवाळ्यात स्वतःला पुष्कळदा असं सांगितलं. परक्या देशात नोकरी करणाऱ्या माणसाने सावध असावं. मीच फार मागितलं. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत असताना, कॉन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभी राहून गिऱ्हाईकांना मान लववत असताना, मी काकांच्या बाजूने मुद्दे काढत राहायचे. वादात मी बरी आहे. काकांना मी जवळजवळ निर्दोष सोडवलं होतं.

मार्चमध्ये ती खोली दुसऱ्या कुणाला गेली. एका कंपनीचा जामीन चालतो अशी खोली मला नदीच्या पलीकडे मिळाली. तळमजला, खिडकीसमोर रेल्वेच्या पुलाचा खांब. विद्यापीठ आता इतकं लांब आहे की संध्याकाळचे प्रयोग अर्ध्यावर सोडून निघावं लागतं. माझा प्रबंध त्यामुळे एक सत्र मागे पडला आहे. सामान मी सायकलवरून नेलं, फेऱ्या करत.

एप्रिलमध्ये चेरीची फुलं झडून गेल्यावर एकदा कामानिमित्त फुनाबोरीला गेले, तेव्हा स्टेशनच्या दारात काकू भेटल्या. बरोबर एक मुलगा होता. "हा ओंकार. काकांच्या मित्राचा भाचा. पुण्याहून आलाय शिकायला. आणि ही सारिका, जपानी बोलायला लागली की जपानी माणूस गप्प बसतो." तोच कौतुकाचा आवाज. मी ओंकारला राहायला कुठे म्हणून विचारलं.

"इथे जवळच. काका होते म्हणून, ताई. घरमालक म्हणाला, कंपनी नको, ओळखीचा माणूस हवा. काकांनी एका दिवसात सही केली."

काकू पर्समध्ये ट्रेनचं कार्ड शोधत होत्या. कार्ड त्यांच्या हातातच होतं. "चल रे, गाडी चुकेल," त्या म्हणाल्या, आणि जाताना माझ्या गालाला हात लावला. "हडकलीस गं. ये की एकदा घरी."

तो हात उबदार होता. मला त्यांचा तिरस्कार करता आला असता तर सोपं झालं असतं. त्या वाईट नाहीत. मी आजारी पडले तर आजही त्या खिचडी घेऊन येतील, याची मला खात्री आहे. डबा देतील, शाल देतील, कौतुक देतील. त्यांच्याकडे मला देण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त 'ही आमची' असं कागदावर म्हणता येत नाही त्यांना.

यंदाही सायकलफेरी आहे. काकूंचा मेसेज आला, हसऱ्या चेहऱ्यांसकट: आपल्या दुभाषीशिवाय मजा नाही, येशील ना? मी लिहिलं, प्रयोगशाळेत काम आहे. काम नाही. त्या रविवारी मी खिडकीसमोरच्या खांबाकडे बघत बसणार आहे बहुतेक. ओनो-सानच्या शेतात लोक वाकतील, कुणाची कंबर धरेल. त्यांना कुणीतरी सांगेल, ओढू नका, थोडं पिळा.

काल संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती कामावरून आली होती, डोक्यावरचा पदर अजून तसाच होता. खोली मिळाली एवढंच मी तिला मार्चमध्ये सांगितलं होतं; ती कशी मिळाली हे तिने विचारलं नाही. काकांनी हो म्हटलंय, हे तिला आधीच माहीत होतं ना. तेवढ्यावर तिने मनात सगळं पूर्ण करून टाकलं. काका-काकूंच्या घरासाठी ती दर गुरुवारी देवापुढे उदबत्ती लावते, हे मला काल कळलं.

"काकू बऱ्या हायत का? जातीस ना त्यांच्याकडं?"

"बऱ्या आहेत."

"रिकाम्या हातानं जाऊ नगं. त्यांचं लई उपकार हायत." ती फोन जरा जवळ घेऊन बोलू लागली, शेजारी ऐकू जाऊ नये अशी. "परक्या मुलखात, ना नात्याच्या ना गोत्याच्या, तरी तुझ्यासाठी नाव दिलं त्यांनी. मी त्या दिवशी तुझ्या बापाला म्हनलं, आपल्या गावात कुनी दिलं असतं का असं? तूच सांग गं."

ती उत्तराची वाट बघत होती. चेहरा इतका समाधानी होता.

"नसतं दिलं," मी म्हणाले.